सूर घरचे : बदलीच्या आधी तीन गाणी



या वेळच्या पत्रांमध्ये एक पत्र कोलकात्याच्या गार्डन रीचहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या नागपूरच्या. यजमान रेल्वेत, राहणं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मुलगा अकरावीत आहे आणि गिटार वाजवतो. शेजारच्या क्वार्टरमधला बंगाली मित्र ड्रम वाजवतो. तिसरा दोस्त मटियाबुर्जमधल्या एका शिंप्याचा मुलगा, तो बेस गिटारवर. तिघांनाही फंकचं वेड. मार्चनंतर यजमानांची बदली होणार हे जवळजवळ नक्की आहे. त्याआधी या पोरांना स्वतःची तीन गाणी रेकॉर्ड करायची आहेत, आणि तीही घरातच. ताई विचारतात, दहा बाय बाराच्या खोलीत हे जमतं का? काय काय विकत घ्यावं लागेल? शेजाऱ्यांचं काय करायचं? आणि शेवटी अगदी मनातलं विचारतात : एवढा खटाटोप करून जपून ठेवण्यासारखं यात काही आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. कारण त्याचं उत्तर ताई, तुमच्या पत्त्यातच आहे.

गार्डन रीचचा न ऐकलेला आवाज

अवधचं राज्य गेल्यावर १८५६ मध्ये नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आले आणि पुढे मटियाबुर्जमध्येच राहिले. स्वतः कवी, संगीतकार, नृत्याचे शौकीन. त्यांच्याबरोबर लखनौचे गवय्ये, तवायफा, वादक, आचारी, शिंपी असं सगळं गाव हुगळीच्या काठावर आलं. बंगालमध्ये ठुमरी रुजली त्यात या दरबाराचा मोठा वाटा आहे. सरोदिये नियामतुल्ला खाँ याच दरबारात होते. सरोदला लाकडी पट्टीऐवजी धातूची पट्टी आणि धातूच्या तारा बसवण्याचं श्रेय त्यांचं घराणं त्यांना देतं. आज सरोदची जी लांब घरंगळणारी मींड आपण ऐकतो, ती या बदलाशिवाय निघाली नसती.

वाजिद अली शाह १८८७ मध्ये गेले. एडिसनचा फोनोग्राफ त्याआधी दहा वर्षं, १८७७ मध्ये तयार झाला होता. पण कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग आले, आणि गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, ते १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये. मधली पंधरा वर्षं निसटली. पुढच्या पिढीतल्या मटियाबुर्जच्या प्यारे साहेबांचं गाणं तबकड्यांवर आलं. नियामतुल्लांचे चिरंजीव कौकब खाँ सरोदबरोबर चक्क बँजो वाजवत, आणि त्यांचा बँजोही तबकडीवर आहे. पण खुद्द दरबारात काय वाजत होतं, ते वर्णनांतून वाचायचं. ऐकायला एक सेकंदही नाही.

योगायोग पाहा. त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचीच वारस असलेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय आज गार्डन रीचला आहे, आणि म्हणून तर नागपूर-गोंदियाकडची मराठी घरं या क्वार्टरांमध्ये बिऱ्हाड मांडत आली. तुमच्या घराला बदली नवी नाही. बदली झाली की सामान ट्रकमध्ये चढतं. तीन पोरांनी एकत्र बसवलेला ठेका मात्र कुठल्याच खोक्यात मावत नाही. तेव्हा हो ताई, जपून ठेवण्यासारखं आहे.

फंक म्हणजे सोळा मात्रांचा हिशेब

घरातल्या मोठ्यांना फंक म्हणजे नुसता धांगडधिंगा वाटू शकतो. त्यांना असं सांगा. तबल्यावर तीनताल ऐकलाय ना? सोळा मात्रा, आणि सगळं फिरून समेवर यायचं. फंकमध्येही एका आवर्तनात चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. आणि पहिलं घर सर्वांत वजनदार. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना हेच पुन्हापुन्हा सांगत : पहिल्या ठोक्यावर सगळे एकत्र या, मग मध्ये काय हवं ते करा. त्यांचं १९६७ चं 'कोल्ड स्वेट' ऐका. सूर फार बदलत नाहीत. गिटार, ब्रास, बेस, सगळीच वाद्यं ताल वाद्यासारखी वागतात. लावणीत ढोलकी जशी गाणाऱ्याच्या शब्दांच्या फटींत बोलते, तसं इथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या फटीत वाजवतो.

म्हणून फंकमध्ये रिकामी घरं भरलेल्या घरांइतकीच महत्त्वाची असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रेकॉर्डिंग आणि संपादन याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आणि घरात फंक करणं हा काही गरिबीतला उपाय नाही. स्लाय स्टोन यांनी 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' या १९७१ च्या अल्बमचा काही भाग लॉस एंजेलिसमधल्या घरातल्या स्टुडिओत केला. ड्रमरच्या जागी अनेकदा एक साधं ठेका वाजवणारं यंत्र होतं. एकाच टेपवर पुन्हापुन्हा वाजवून टेप झिजली, आवाज धूसर झाला, आणि तोच धूसरपणा आज लोक हौसेनं ऐकतात. त्यांचेच आधीचे बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असताना त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. ती उणीव भरायला ते अंगठ्यानं तार ठोकू लागले आणि बोटानं खेचू लागले. आज जगभर शिकवलं जाणारं 'स्लॅप' बेस घरच्या अडचणीतून असं जन्मलं.

खोली : विकत घेण्याआधी काढून बघा

बाहेरचा आवाज आत न येऊ देणं आणि आतला आवाज खोलीत घुमू न देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम घरात पूर्णपणे जमत नाही. दुसरं गाद्या-गोधड्यांनी छान जमतं.

खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागून 'टिंग' असा धातूसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. एका भिंतीला कपड्यांचं उघडं कपाट, दुसऱ्या भिंतीवर दोरीला लटकवलेली जाड रजई, खाली सतरंजी. गादी कोपऱ्यात उभी करा, कारण बेसचा घुमार कोपऱ्यांत साठतो. पुन्हा टाळी वाजवा. फरक कानाला लगेच कळेल. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका. त्यानं उपयोग जवळजवळ शून्य, आणि आगीला आमंत्रण.

बाहेरच्या आवाजाशी भांडू नका, त्याचं वेळापत्रक करा. गार्डन रीचला गोदीकडे जाणारे कंटेनरचे ट्रक आहेत, नदीवर भोंगे आहेत, मशिदींची अजान आहे. अजानच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या कागदावर लिहून भिंतीला लावा आणि तेवढा वेळ चहाचा ठेवा. दोन-तीन दिवस फोनवर नुसती खोली रेकॉर्ड करून पाहा. सगळ्यात शांत दोन तास कुठले ते समजेल. ते दोन तास शनिवार-रविवारी राखून ठेवले, की अकरावीच्या अभ्यासावरही आच येत नाही. रात्री दहानंतर वाजवणं बंद. शेजारधर्मही तेच सांगतो, कायदाही.

पंखा बंदच ठेवायचा. कोलकात्याच्या उकाड्यात ही शिक्षा आहे, म्हणून एक टेक तीन-चार मिनिटांचा, मग पंखा लावून पाच मिनिटं विश्रांती. आणि माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, तिथल्या दमट हवेत तो खराब व्हायला वेळ लागत नाही.

यंत्रं : एकच मोठी खरेदी

घरात लॅपटॉप आहे असं धरतो. मोठी खरेदी एकच, दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस. त्याशिवाय एक डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. डायनॅमिक माइकच का? तो जवळचं ऐकतो, लांबचं कमी ऐकतो. क्वार्टरसाठी तोच बरा. लालबाजारजवळ रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकानं आहेत. नवं घेण्याआधी तिथे जुनं काही मिळतं का, ते विचारा. सॉफ्टवेअरसाठी खर्च नको. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट आहे. बाकीच्यांनी रीपर दोन महिने वापरून पाहावं आणि आवडलं तर त्याचे पैसे भरावेत.

ड्रम क्वार्टरमध्ये वाजवूच नका. एक दिवस सरावाची खोली भाड्यानं घ्या आणि तिन्ही गाण्यांचे ड्रम तिथेच उरकून टाका. इंटरफेसला दोनच इनपुट, म्हणून दोनच माइक : एक बेस ड्रमपुढे, दुसरा वादकाच्या डोक्याच्या थोडा वर, स्नेअरकडे तोंड करून. फंकला एवढं पुरतं. बाकी सगळं घरी.

बेस गिटार थेट इंटरफेसला जोडायची, माइक लागतच नाही. म्हणजे मटियाबुर्जच्या घरात शेजारी शिलाई मशीन धडधडत असली, तरी तो आवाज बेसच्या ट्रॅकवर येणार नाही. मात्र मशीनच्या मोटरची विजेची घुरघुर गिटारचा पिकअप पकडतो. त्यावर उपाय फुकट आहे. मोटरपासून पाच-सहा फूट लांब बसा, बेस हातात धरून खुर्चीसकट हळूहळू वळा. एका दिशेला घुरघुर सर्वांत कमी होते. तिथेच बसून वाजवा.

क्रम असा ठेवा. आधी मेट्रोनोमच्या क्लिकवर गिटारचा कच्चा ट्रॅक. तो कानात ऐकत ड्रम. ड्रम झाले की क्लिक बंद, आणि ड्रम ऐकत बेस. मग खरी गिटार, शेवटी आवाज. आवाजाची पातळी वर चढवू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा ठोका शून्याच्या खाली १० ते १२ डेसिबलवर राहू द्या. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो. वर जाऊन फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

संपादन : कात्री कुठे थांबवायची

आता सगळ्यात नाजूक भाग. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, क्वांटाइझ. ते दाबलं की प्रत्येक ठोका ओढून अचूक घरात बसवला जातो. पोरं ते दाबणार. दाबू देत. मग दोन्ही ऐकायला लावा, आधीचं आणि नंतरचं.

थोडा हिशेब करू. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोके असेल, तर सोळातलं एक घर १५० मिलिसेकंदांचं होतं. चांगला ड्रमर स्नेअर दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा टाकतो, अगदी एवढासा. हवेत आवाज तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे ड्रमर चार-पाच मीटर मागे सरकून बसल्याइतका हा फरक. मोजून कळत नाही, पण मान डोलते ती त्यामुळेच. क्वांटाइझनं हे सगळं पुसलं जातं. ठोका बरोबर होतो आणि गाणं मरतं.

तेव्हा घरात एक नियम करा : आधी कान, मग डोळा. पडद्यावर लाटांची रेघ घराच्या बाहेर दिसते म्हणून काही हलवायचं नाही. डोळे मिटून ऐकताना खटकलं, तरच हलवायचं. तेही पहिल्या ठोक्यापासून सुरू करायचं. समेवर ड्रम आणि बेस एकत्र पडत असतील, तर मधल्या बऱ्याच गोष्टी आपोआप माफ होतात. ते दोघे समेवरच फाटत असतील तर सॉफ्टवेअरनं जोडू नका, पुन्हा वाजवा.

चांगले दोन आवर्तन कापून पूर्ण गाणंभर चिकटवण्याचा मोहही होईल. काम दहा मिनिटांत संपतं खरं. पण चौथ्या कडव्याला वादक तापलेला असतो, त्याचा हात बदललेला असतो, तो बदल चिकटवलेल्या तुकड्यात येत नाही. चार मिनिटं सलग वाजवा, तीनदा वाजवा, आणि त्यातला सर्वांत जिवंत टेक पाया म्हणून घ्या. चुकलेली दोन-चार ठिकाणं दुसऱ्या टेकमधून आणा. काप ठोक्याच्या किंचित आधी द्या, ठोक्यावर नाही. आणि जोडावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, नाहीतर 'टिक' असा आवाज येतो.

फंकच्या गिटारमध्ये डावा हात तारा दाबतो आणि लगेच सैल सोडतो, त्यामुळे 'चिक-चिक' असा बंद आवाज येतो. नवशिक्या संपादकाला तो कचरा वाटतो. तो कापू नका, तोच गाण्याचा घुंगरू आहे. कापायचं ते दोन वाक्यांमधलं काहीच न वाजवतानाचं : ॲम्प्लिफायरची घुरघुर, खुर्चीची करकर, बाहेरचा ट्रक. ती रिकामी घरं खरोखर रिकामी झाली, की पुढचा ठोका दुप्पट मोठा वाटतो. आवाज न वाढवता गाणं जोरकस करण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

मिक्सिंगबद्दल एवढंच. बेस ड्रम आणि बेस गिटार एकाच खालच्या पट्टीत भांडतात, म्हणून एकाला थोडी जागा द्या, दुसऱ्याला थोडं वर सरकवा. गिटारमधलं सुमारे १५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, ते कोणालाच नको असतं. ड्रम आणि बेस मध्यभागी, गिटार एका बाजूला. मग तेच गाणं फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. तिथे ठेका कळला, तर काम झालं.

वीज आणि कान : इथे तडजोड नाही

ताई, हा परिच्छेद तुमच्यासाठी, पोरांसाठी नव्हे. स्पीकरमधून घुरघुर येऊ लागली की कोणीतरी जाणता प्लगची अर्थची, म्हणजे तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला देतो. घुरघुर कधीकधी जाते, पण धातूच्या तारांना हात लावून बसलेल्या मुलाचं संरक्षणही त्याबरोबर जातं. असं कधीही करू देऊ नका. सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवर जोडा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. भागलं नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवून घराचं अर्थिंग तपासा.

दुसरं, हेडफोन. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्यांनी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलपर्यंत, आणि मुलांनी ७५ डेसिबलपर्यंतच ऐकावं. प्रत्येक तीन डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. संपादन करणारा मुलगा तासन् तास तोच तुकडा ऐकतो आणि थकलेल्या कानाला ऐकू यावं म्हणून आवाज चढवत जातो. पाऊण तास काम, पंधरा मिनिटं शांतता. हेडफोन घातलेला असताना तुम्ही नेहमीच्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू आली पाहिजे. कानात शिटी वाजू लागली, तर त्या दिवसाचं काम बंद.

बदलीनंतरही गाणं चालू राहावं म्हणून

मार्चपर्यंत तिन्ही गाणी पुरी होतील असं मी लिहून देणार नाही. पण अपुरी राहिली तरी ती पुढे नेता येतील, याची सोय आजच करता येते. प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल काढा, आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू होऊ द्या, सुरुवातीला नुसती शांतता असली तरी. म्हणजे उद्या एकजण बिलासपूरला असेल, एक गार्डन रीचला, तरी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली एका रेषेत लावल्या की गाणं जुळतं. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलीत लय, स्वर, तारीख लिहा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. आणि सामान बांधताना हार्ड डिस्क ट्रकमध्ये नाही, हातातल्या पिशवीत.

त्याच फाइलीत कोणी काय वाजवलं आणि चाल कोणाची, हेही आजच लिहून तिघांनी सह्या करा. मैत्रीत हे अवघड वाटतं. पण जेम्स ब्राउन यांचे ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ मध्ये 'फंकी ड्रमर'साठी वाजवलेला काही सेकंदांचा ठेका पुढे हजाराहून अधिक गाण्यांमध्ये उचलला गेला. कागदावर ते फक्त पगारी वादक होते, गाणं त्यांच्या नावावर नव्हतं. त्या उचलेगिरीचा हक्काचा वाटा त्यांना मिळाला नाही.

आणि कोणी ऐकणार आहे का, अशी शंका आली तर कोलकात्याच्याच रूपा बिस्वास यांची गोष्ट पोरांना सांगा. १९८२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत त्यांनी 'डिस्को जॅझ' नावाचा अल्बम केला. फंकी बेस आणि गिटारच्या जोडीला आशिष खाँ यांचा सरोद. तेव्हा तो फारसा खपला नाही. रूपाताई संसाराला लागल्या, गाणं मागे पडलं. कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाला कळलं, की आईची ती तबकडी जगभरचे शौकीन शोधत फिरताहेत. २०१९ मध्ये अल्बम पुन्हा निघाला. सदतीस वर्षांनी का होईना, ऐकणारे भेटले, कारण ऐकण्यासाठी तबकडी शिल्लक होती.

या महिन्याचा गृहपाठ सगळ्याच वाचकांसाठी. घरात जे कोणी वाजवतं, गातं, ओव्या म्हणतं, देवापुढे टाळ धरतं, त्यांची सलग चार मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन हातभर अंतरावर. काही कापू नका. फाइलीला नाव, गाव आणि तारीख द्या. पुढच्या महिन्यात याच फाइलीतला नको असलेला आवाज कसा काढायचा, आणि कुठला मुद्दाम ठेवायचा, ते पाहू.